पाठीवर मावेल एवढा स्कोप : चालत आणि सायकलवर पक्षी बघणाऱ्यांसाठी

पक्षी बघायला लागून एखादा हिवाळा झाला की बहुतेकांची एकच तक्रार सुरू होते. दुर्बीण चांगली आहे, पुस्तक चाळून चाळून पाठ झालंय, पण उजनीच्या फुगवट्यावर पलीकडच्या गाळात उतरलेला थवा काही केल्या ओळखू येत नाही. ठिपके दिसतात, हलतात, उडून जातात. मग शेजारचं कोणीतरी मोठ्या स्कोपमधून, म्हणजे टेकूवर ठेवून एका डोळ्यानं बघायच्या ताकदवान दुर्बिणीतून, तोच थवा दाखवतं आणि घरी येईपर्यंत डोक्यात ८० मिमी भिंगाचा स्कोप घोळायला लागतो.

तो घेण्याआधी वजनाचा हिशोब करा. ८० मिमीचा स्कोप आयपीससकट, म्हणजे डोळा लावायच्या भिंगासकट, दीड ते दोन किलो भरतो आणि त्याला पेलणारा ट्रायपॉड हेडसकट (स्कोप बसवायचा वरचा फिरता भाग) आणखी दोन-अडीच किलो. गाडी थेट पाण्याच्या काठाशी लावणाऱ्याला हे परवडतं. पायी किंवा सायकलने जाणाऱ्याचा असा संच महिन्याभरात कपाटावर जाऊन बसतो. उलट ५० ते ५६ मिमीचा छोटा स्कोप आणि हलका ट्रायपॉड मिळून दीड-दोन किलोत बसतात. एवढं ओझं पाण्याची बाटली आणि डब्याबरोबर नेहमी नेता येतं.

माझी कसोटी सोपी आहे. सॅकची चेन उघडल्यापासून पक्षी भिंगात स्थिर दिसेपर्यंत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर तो स्कोप तुम्ही बाहेर काढणार नाही. पहिले काही दिवस काढाल, मग ‘जाऊ दे, दुर्बिणीनं भागतंय’ म्हणाल. खाली जे काही सांगतोय ते सगळं या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

आधी जागा बघा, मग स्कोप

स्कोप मोकळ्या जागेसाठी असतो. धरणांचे फुगवटे, नदीपात्रं, खाडीचा चिखल, समुद्रकिनारा, माळरान आणि सह्याद्रीचे कडे या त्याच्या जागा. पुण्याच्या आसपास बोलायचं तर भिगवणजवळचं कुंभारगाव, सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट, नीरेवरचं वीर धरण, सासवड-सुप्याकडची माळरानं. नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मुंबई-ठाणेकरांना ठाण्याची खाडी आहे. ताम्हिणीत किंवा कर्नाळ्यात मात्र स्कोप नुसतं ओझं होतो. दाट झाडीत पक्षी जवळ असतो, क्षणभर दिसतो आणि स्कोप लावेपर्यंत फांदी रिकामी असते. तिकडे दुर्बीण घेऊनच जा.

फायदा किती, ते साध्या भागाकारानं कळतं. ३०० मीटरवरचा पक्षी ८ पटीच्या दुर्बिणीतून साधारण ३७ मीटरवर असल्यासारखा दिसतो, ३० पटीच्या स्कोपमधून १० मीटरवर. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या गाळात फिरणाऱ्या दोन चिमुकल्या पाणपक्ष्यांमधला फरक असाच सुटतो. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट. अर्थात गाळात फिरून आलेल्या टेमिंकचे पायही काळेच दिसतात. अशा वेळी पाठ बघायची. टेमिंकची पाठ सपाट करड्या-तपकिरी रंगाची असते, छोट्याची जास्त नक्षीदार. हे नक्षीकाम दुर्बिणीतून १०० मीटरवर दिसत नाही.

स्कोप आला म्हणून दुर्बीण घरी ठेवायची नाही. पक्षी सापडतो तो दुर्बिणीनं. स्कोपनं तो निवांत बघायचा.

नळीवरचे आकडे

१२-३६×५० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वर्धन (किती पट मोठं दिसतं ते), शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवखा माणूस मधला आकडा बघून हरखतो. तुम्ही पहिला बघा. कमी वर्धन जितकं कमी, तितका दृश्याचा पट्टा रुंद आणि पक्षी शोधणं सोपं. चालणाऱ्यासाठी १२ ते २० पट ही कामाची सुरुवात आहे.

आता पुढचा भागाकार. भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ५० मिमीला २० पटीवर ती २.५ मिमी येते, ४० पटीवर १.२५. भर उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, त्यामुळे २० पटीला चित्र लख्ख दिसतं. ४० ला ते अंधारायला लागतं, त्यात हातचा थरथराटही मोठा होतो. छोट्या स्कोपचं खरं काम १५ ते ३० पटीत होतं, वरचं सगळं वेष्टनावर छापायला असतं. काही हजारांत ‘२५-७५×७०’ असं लिहिलेले स्कोप विकायला असतात. त्यांच्या ७५ पटीत पक्षी मोठा आणि धूसर दिसतो. त्या पैशात बरा ट्रायपॉड येतो, तो घ्या.

काच ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणारी, असेल तर उत्तम. काळ्या पाण्यावर उभ्या पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ दिसते, ती ईडी काचेनं बरीच कमी होते. नळी जलरोधक आणि आतून धुकं धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली हवी. आपल्या पावसाळ्यात ही चैन राहत नाही. चष्मा लावत असाल तर आयपीसपासून डोळा किती अंतरावर ठेवता येतो, हा आकडा विचारून घ्या. १५ मिमी किंवा जास्त असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून दोन टोकं सांगतो. कोवाचा टीएसएन-५०१ हा २०-४०×५० स्कोप जेमतेम ४०० ग्रॅमचा आहे. स्वारोव्हस्कीचा एटीसी १७-४०×५६ एक किलोच्या किंचित आत बसतो. किमतीत दोघांची गाठच पडत नाही. मधल्या पट्ट्यात सेलेस्ट्रॉन, ऑप्टिक्रॉन, व्हॉर्टेक्स यांचे छोटे ईडी स्कोप आहेत. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि वॉरंटी या दोन गोष्टी आधी विचारा. वॉरंटी देशापुरतीच असेल तर दुरुस्तीला पुन्हा तेवढाच प्रवास घडवावा लागतो.

आयपीस तिरपा घ्यावा की सरळ, यावर पक्षीमित्र तासभर भांडू शकतात. चालणाऱ्याला मी तिरपाच सुचवेन. डोकं वाकवून वरून बघायचं असल्यामुळे ट्रायपॉड बुटका चालतो, जमिनीवर मांडी घालून बघता येतं, कड्यावर घिरट्या घालणारा शिकरा बघताना मान मोडत नाही आणि बरोबरच्या उंच-बुटक्या सगळ्यांना उंची न बदलता बघता येतं. नेम धरायला मात्र तो अवघड. त्यावर उपाय पुढे येतोच.

दुकानात गेलात तर बाहेरच्या लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचा. आधी सर्वांत कमी वर्धनावर, मग सर्वांत जास्त. अक्षर एका ठिकाणी टक्कन धारदार होतं का, की ‘आता बरं, आता अजून बरं’ असं फिरवत बसावं लागतं? दुसरं होत असेल तर तो नग परत द्या. एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात, म्हणून जो घेणार तोच डोळ्याला लावून बघा.

टेकू

इथे सगळे कंजूषपणा करतात आणि इथेच स्कोप फुकट जातो. महागडा स्कोप डुगडुगत्या ट्रायपॉडवर ठेवला तर साध्या दुर्बिणीपेक्षा कमी दिसतं. साधा स्कोप घट्ट टेकूवर चांगला चालतो.

पहिला पर्याय अर्थात छोटा ट्रायपॉड. वजन किलो-सव्वा किलो, घडी केल्यावर सॅकच्या उंचीत मावेल असा. उभं राहून बघायचा हट्ट सोडलात तर हे जमतं. पायांचे जाड टप्पेच उघडायचे, शेवटचे काडीसारखे टप्पे आणि मधली दांडी वर काढायची नाही. बसायचं, नाहीतर गुडघ्यावर यायचं. हेड दोन दिशांना फिरणारं घ्या, आडवं आणि उभं. छायाचित्रकारांचं सगळ्या दिशांना फिरणारं बॉलहेड सैल केलं की स्कोप मान टाकतो आणि पक्षी गेला. स्कोपच्या पायाला बसणारी पट्टी कायम लावूनच ठेवा. काठावर उभं राहून स्क्रू पिळण्यात अर्ध्या मिनिटाची वाट लागते.

दुसरा पर्याय धान्याची पिशवी. जाड कापडाची वीतभर पिशवी शिवा, तीन-चतुर्थांश मसूर किंवा राजमा भरा आणि तोंड दुहेरी शिवून टाका. बंधाऱ्याची भिंत, पुलाचा कठडा, शेताच्या बांधावरचा दगड, कशावरही ठेवा आणि स्कोप तिच्यात दाबून बसवा. ३० पटीलाही चित्र ढिम्म हलत नाही. अर्धा किलो वजन होतं, पण ट्रायपॉड घरी ठेवला तर एकूण फायदाच. ओली झाली तर धान्य उबतं आणि मोडही येतात, म्हणून पावसाळ्यात आत थर्माकोलचे मणी घाला.

तिसरा एकदांडी, म्हणजे मोनोपॉड. ट्रेकिंगच्या काही काठ्या अशा असतात की वरची मूठ काढली की खाली स्क्रू असतो. पाठीला झाड, दांडीला मांडी असा आधार दिला तर १५-२० पटीपर्यंत चालतं, त्याच्यावर नाही. काठी एरवी चढणीलाही उपयोगी पडते, म्हणून गडावर जाणाऱ्यांना हाच पर्याय परवडतो.

सायकलच्या सीटवर स्कोप ठेवून बघायचा मोह सगळ्यांना होतो. साइड स्टँडवरची सायकल श्वासानंसुद्धा हलते. ती भिंतीला किंवा झाडाला नीट टेकवा, सीटवर धान्याची पिशवी ठेवा, मग ठीक.

वारा असेल तर ट्रायपॉडच्या हुकाला सॅक अडकवावी असं सगळीकडे सांगतात. अधांतरी लटकवलेली सॅक वाऱ्यानं झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. सॅकचा तळ जमिनीला टेकू द्या आणि पट्टा ताणलेला राहील एवढंच करा. निरीक्षण मनोऱ्यावर वेगळी कटकट असते. कोणी जिना चढलं की आख्खा मनोरा थरथरतो. तिथे वर्धन कमी ठेवा आणि लोक स्थिर होईपर्यंत थांबा.

चालताना

दुर्बीण छातीवर, स्कोप पाठीवर. स्कोप सॅकमध्ये उभा ठेवा, आयपीस वरच्या बाजूला, पाठीला लागून असलेल्या कप्प्यात. वजन पाठीजवळ राहिलं तर खांदे दुखत नाहीत. सोबत आलेल्या जाड खोळीत स्कोप ठेवून ती खोळ पुन्हा सॅकमध्ये कोंबण्यापेक्षा जुना मऊ टॉवेल गुंडाळलेला बरा, एका झटक्यात निघतो. पुढच्या भिंगाचं झाकण दोरीनं नळीला बांधून टाका, नाहीतर ते पहिल्याच महिन्यात कुठल्यातरी बांधावर राहतं. पाण्याची बाटली त्या कप्प्यात कधीही नको.

ट्रायपॉडवर स्कोप लावून, तो खांद्यावर टाकून चालणारे दिसतात. सपाट काठावर शंभर पावलं ठीक आहे. बाभळीच्या रानात पाय फांद्यांत अडकतात आणि चालण्याच्या हिसक्यांनी पट्टीचा स्क्रू हळूहळू सैल होतो. नळी निसटून पडते ती नेमकी दगडावर.

पहाटे निघा आणि ऊन पाठीशी राहील असा काठ निवडा. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं. समोरून ऊन असेल तर कितीही भारी काच असली तरी बदकांच्या काळ्या सावल्याच दिसतात. खाडीवर जाणार असाल तर घड्याळाबरोबर भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला असतात. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच पक्षी पाऊल पाऊल मागे सरकत तुमच्याकडे येतात. छोट्या स्कोपवाल्यानं हा तास साधला पाहिजे. ठाणे खाडीत लहान रोहित आणि मोठा रोहित (फ्लेमिंगो) शेजारी शेजारी बघायचे असतील तर चोचीवर जा. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहानाची पुरती गडद.

सायकलवर

सायकलवर स्कोपचा शत्रू म्हणजे बारीक, सततचा कंप. एखादा मोठा खड्डा परवडला. खडबडीत डांबरावरून तासभर जाणारी झिणझिण आतल्या प्रिझमची बैठक आणि बाहेरचे स्क्रू दोन्ही सैल करते. म्हणून कॅरियरवर रबरानं बांधून स्कोप कधीही न्यायचा नाही, कितीही टॉवेल गुंडाळले तरी.

पाठीवरची सॅक सगळ्यांत सुरक्षित, कारण हिसके आपलं शरीर पचवतं. दोन गोष्टी सांभाळा. स्कोप आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये स्वेटर किंवा जॅकेटची घडी असू द्या, आणि ट्रायपॉड कण्याच्या रेषेत उभा ठेवू नका. पडण्याची वेळ आली तर त्याची कडक नळी पाठीत घुसायला नको. लांबच्या पल्ल्याला पाठ घामेजते, तेव्हा हँडलबॅग चांगली. ५० मिमीचा स्कोप तिच्यात मावतो, थांबल्याबरोबर हाताशी येतो आणि कप्प्याला झोपायच्या चटईचा फोम कापून लावला की कंपही बराच मरतो. त्याच बॅगेत पंप, पाना, टायर लिव्हर ठेवू नका. धातूच्या वस्तू वाटभर स्कोपवर आपटत राहतात.

ट्रायपॉड दणकट असतो, तो सायकलवर बांधायला हरकत नाही. फ्रेमच्या वरच्या नळीला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी आवळा. पायडल मारताना गुडघा घासत नाही ना, हे गल्लीत एक चक्कर मारून बघा. पट्ट्यांची लोंबती टोकं कापा किंवा खोचा. असं टोक तारांत गेलं तर चाक जागीच थांबतं आणि आपण पुढे जातो.

टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर कच्च्या रस्त्यावर हादरे निम्मे वाटतात. स्पीडब्रेकरवर सीटवरून उठा. पोहोचल्यावर पट्टीचा स्क्रू आणि आयपीस घट्ट आहेत का, हे हातानं चाचपा. पुण्याहून वीसेक किलोमीटरवरच्या कवडीपाटला सायकलनं जाणारे बरेच आहेत. सोलापूर रस्त्यावर ट्रकांची वर्दळ भयंकर असते, म्हणून उजाडायच्या आत निघा आणि मागचा लाल दिवा चालू ठेवा. तिथलं पाणी फेसाळलेलं आणि वासाचं आहे, पण हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, हळदी-कुंकू बदकं आणि चित्रबलाक अशी मंडळी थोड्या अंतरात सापडतात. नवीन स्कोपचा हात बसायला जागा झकास.

मोटरसायकल असेल तर स्कोप टाकीवरच्या बॅगेत नको, पाठीवर किंवा मागे बसणाऱ्याच्या मांडीवर. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका. आत भट्टी होते.

पक्षी भिंगात आणणं

स्कोप हातात आल्यावर पहिला आठवडा पक्ष्यांकडे जाऊच नका. गच्चीवर बसा. पाण्याच्या टाकीवरचा कावळा, मोबाइलच्या टॉवरवरची घार, लांबच्या इमारतीवरची पाटी असं एकेक धरा. नेम धरायची सवय लागली की मैदानात चिडचिड होत नाही.

क्रम असा. वर्धन सर्वांत कमी करा. नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याजवळची खूण धरा, एखादी बाभूळ, पांढरा दगड, विजेचा खांब. नळी खुणेकडे वळवा, खूण सापडली की तिथून पक्ष्याकडे सरका. फोकस धारदार करा. मगच वर्धन वाढवा आणि पुन्हा फोकस करा. उलट क्रमानं, म्हणजे थेट ३० पटीला शोधायला गेलात तर पाण्याशिवाय काही दिसत नाही.

तिरप्या स्कोपच्या नेमासाठी एक स्वस्त युक्ती आहे. वायर बांधायची प्लॅस्टिकची केबल टाय नळीच्या पुढच्या भागावर आवळा आणि तिचं टोक सेंटिमीटरभर उभं राहील असं कापा. लांबची खूण भिंगाच्या मधोमध आणून टायचं टोक त्या खुणेच्या रेषेत येईपर्यंत टाय फिरवा. पुढे आयपीसच्या शेजारून नळीवरून नजर टाकली की टोक दिसेल तिकडे स्कोप बघतोय असं समजायचं. बंदुकीच्या माशीसारखं काम करतं.

दुसरा डोळा मिटू नका. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण डोळा मिटून दहा मिनिटांत चेहरा दुखतो. जमत नसेल तर टोपी तिरकी करून त्या डोळ्यावर ओढा. फोकस फिरवल्यावर हात काढून घ्या आणि दोन सेकंद थांबा, थरथर विरते. थवा धुंडाळताना काठाच्या एका टोकापासून सावकाश सरकत जा, दर चौकटीत थोडं थबका. गाळाच्या रंगाचा तुतवार नजर सरकत असताना दिसत नाही, थांबली की चालायला लागतो.

ऊन चढलं की क्षितिजाजवळची हवा नाचू लागते. माळावर आणि उघड्या गाळावर दहाच्या सुमारास चित्र वितळल्यासारखं होतं. नवखे लोक फोकस फिरवत बसतात आणि स्कोपला शिव्या देतात. हा दोष हवेचा आहे, तो मोठ्या स्कोपलाही चुकत नाही. वर्धन १५-२० वर आणा, जवळचे पक्षी बघा, जमिनीपासून उंच जागा मिळाली तर तिथून बघा. नाहीतर डबा उघडा. थंडीच्या पहाटे आयपीसवर धुकं येतं ते बहुधा आपल्याच श्वासाचं. नाकानं बाजूला श्वास सोडा.

सूर्याकडे स्कोप कधीही नको, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळीही नको. डोळ्याचा पडदा कायमचा भाजतो आणि भाजताना दुखतही नाही. मुलं सोबत असतील तर स्कोप सूर्याच्या बाजूला तोंड करून उभा सोडून जाऊ नका.

रात्री मुक्काम असेल तर याच नळीतून गुरू बघा. २० पटीला, घट्ट टेकूवर, त्याचे चार मोठे चंद्र एका ओळीत दिसतात. चंद्रावरची विवरं अष्टमीच्या आसपास सर्वांत उठून दिसतात, पौर्णिमेला नाही.

लोक

गावाबाहेर ट्रायपॉड उभा केला की पाच मिनिटांत कोणीतरी येतंच. पहिला प्रश्न ठरलेला : ‘साहेब, मोजणी आलीय का?’ जमिनीच्या मोजणीचं यंत्रही तीन पायांवरच उभं असतं आणि मोजणी म्हटलं की भाऊबंदकीतली जुनी दुखणी वर येतात. हसण्यावारी नेऊ नका. ‘नाही काका, पक्षी बघतोय, या बघा’ म्हणा आणि लगेच स्कोप त्यांच्यासाठी सोडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला स्थिर उभा असलेला मोठा पक्षी दाखवा, बगळा किंवा चित्रबलाक. टिलव्याच्या पायांचा रंग दाखवायला जाऊ नका. पोरं आली तर ट्रायपॉड त्यांच्या उंचीला आणा आणि ‘हात मागे’ एवढंच सांगा. स्थानिक माणसाला एकदा स्कोपमधून दाखवलं की ‘तिकडच्या वळणावर परवा मोठे पांढरे उतरले होते’ अशी माहिती आपोआप मिळते.

नळी कुठे रोखायची नाही, हेही ठरवून ठेवा. नदीच्या घाटावर बायका कपडे धुत असतात, त्या दिशेला स्कोप वळवू नका, पलीकडे कितीही दुर्मीळ बदक असलं तरी. जागा बदला. घरांच्या खिडक्या, लष्करी हद्द, विमानतळ, नौदलाचा किनारा यांच्या आसपास स्कोप बाहेरच काढू नका. धरणाच्या भिंतीजवळही पहारेकऱ्याला आधी विचारा. ओळखपत्र जवळ असू द्या.

कड्यावरचं गिधाडाचं किंवा ससाण्याचं घरटं सापडलं तर स्कोपचा खरा उपयोग लांब राहण्यासाठी करा. पक्षी मान वर करून तुमच्याकडेच बघत असेल तर तुम्ही जास्त जवळ आहात.

स्कोपमुळे एक जास्तीचं काम करता येतं, ते म्हणजे खुणा वाचणं. बीएनएचएससारख्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संस्था पाणपक्ष्यांच्या पायांत रंगीत पट्ट्या आणि कडी घालतात. पट्टकादंबांच्या (बार-हेडेड गूज) गळ्यात कधीकधी अक्षरं कोरलेली रंगीत पट्टी असते. रंग, पाय डावा की उजवा, अक्षरं आणि आकडे, जागा आणि तारीख एवढं टिपून बीएनएचएसला कळवा. मोबाइल आयपीसला धरून एखादा फोटो मिळाला तर आणखी बरं, धूसर असला तरी चालतो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून चालू असलेल्या या मोजणीला स्कोप घेऊन येणारा माणूस हवाच असतो. थवा मोजायला पहिल्यांदा शिकायचं असेल तर तिथे जा. जुनी मंडळी आधी दहा पक्षी मोजून तेवढी जागा नजरेत धरतात आणि मग थव्यावर तसे किती तुकडे बसतात ते बघतात.

घरी आल्यावर

आधी धूळ फुंकणीनं उडवा, मग मऊ ब्रश, आणि डाग राहिलाच तर भिंगाच्या कापडाला द्रव लावून हलक्या हातानं. शर्टाचं टोक, ओढणी, टिश्यू काही नको. धुळीत बारीक वाळू असते आणि ती काचेवरचा लेप खरवडते. समुद्रावरून आलात तर जलरोधक नळी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून घ्या. मीठ सांध्यांत बसतं.

पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, कोकणात तर हमखास. लेदरची किंवा कापडी खोळ ओलावा धरून ठेवते, म्हणून स्कोप खोळीतून काढूनच ठेवायचा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा केशरी दाणे हिरवे झाले, की ते ओलावा पिऊन भरले. ते तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये पुन्हा कोरडे करता येतात. त्या तव्यावर नंतर पोळ्या करू नका, वेगळी जुनी तवी ठेवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला डबा उघडा आणि स्कोप खिडकीपाशी घेऊन पुढच्या भिंगातून उजेडाकडे आरपार बघा, सूर्याची बाजू टाळून. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर स्वतः उघडू नका, नायट्रोजन जातो. दुरुस्तीला पाठवा आणि त्या डब्यातल्या दुर्बिणीही तपासा.